तक्त्यात न छापलेले वॅट: एका चौदा इंची लॅपटॉपचे परीक्षण

चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर सहा ओळींचा एक तक्ता चिकटवलेला आहे. इंटेल कोअर ७ १५०यू प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १९२० गुणिले १२०० पिक्सेलचा १४ इंची आयपीएस डिस्प्ले, ५० वॅट-तासांची बॅटरी आणि १.४ किलो वजन. यातली एकही ओळ खोटी निघालेली नाही. तरीही हे यंत्र प्रत्यक्षात कसे चालेल याचा अंदाज त्या सहा ओळींवरून मला आला नव्हता आणि ज्या गोष्टींवरून तो आला असता, त्या कोणी छापलेल्याच नव्हत्या. मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशाच घडणीचे लॅपटॉप अनेक कंपन्या विकतात आणि पुढचे बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतात.

आधी प्रोसेसरच्या नावाबद्दल, कारण पहिली फसगत तिथेच होते. इंटेलने डिसेंबर २०२३ मध्ये कोअर अल्ट्रा ही मालिका आणली आणि त्याबरोबर जुन्या नावांतले ‘आय’ हे अक्षर गेले. लगेच जानेवारी २०२४ मध्ये ‘अल्ट्रा’ नसलेली साधी कोअर मालिकाही आली. नावाची धाटणी दोघींची सारखी असली, तरी या दुसऱ्या मालिकेतला १५०यू हा आतून आधीच्याच रॅप्टर लेक पिढीचा आहे. २०२३ च्या आय७-१३५५यू शी ताडून पाहिले, तर दोन्हींत एकूण १० कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, त्यांपैकी २ जोरकस कामाचे आणि ८ कमी वीज खाणारे, आणि दोन्हींत १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालवता येणारे कामाचे धागे, आहेत. कमाल वेग तेवढा ५ गिगाहर्ट्झवरून ५.४ वर गेला आहे. प्रोसेसर वाईट आहे असे मी म्हणत नाही, उलट रोजच्या कामाला तो भरपूर आहे, पण नव्या नावाकडे पाहून कोणी नव्या पिढीची अपेक्षा ठेवली असेल, तर ती येथे पुरी होत नाही. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या २०२३ च्या नावांतही असाच एक सापळा आहे. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५४०यू ही नावे शेजारी ठेवली, तर फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्या योजनेत तिसरा अंक रचनेचा असतो, म्हणजे पहिला प्रोसेसर २०१९ मध्ये आलेल्या झेन २ रचनेचा व ४ कोअरचा, तर दुसरा झेन ४ चा व ६ कोअरचा. नावातला पहिलाच अंक पाहून निवड करणाऱ्याला हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

नावाच्या शेवटी येणारे अक्षर मात्र मी आता सर्वांत आधी पाहतो. इंटेलच्या या पिढ्यांत ‘यू’ म्हणजे पायाभूत, सलग कामासाठी धरलेली, १५ वॅट वीज आणि ‘एच’ म्हणजे ४५ वॅट. त्यामुळे ७ हा आकडा ५ पेक्षा मोठा असला, तरी १२ कोअरचा आय५-१३५००एच दीर्घ कामात १० कोअरच्या आय७-१३५५यू ला मागे टाकतो. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १५ वॅट हा केवळ पाया आहे. माझ्या प्रोसेसरला इंटेलने ५५ वॅटपर्यंत उसळी घेण्याची मुभा दिली आहे आणि या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे थांबायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी पंखा, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि कवचाची जाडी पाहून ठरवते. एकच प्रोसेसर एका यंत्रात सलग २८ वॅट घेऊ शकतो आणि दुसऱ्यात १५ वर अडतो. दोन्ही खोक्यांवर मात्र तीच ओळ छापलेली असते.

माझ्या यंत्रात एकच पंखा आणि एकच नळी आहे. अर्ध्या तासाच्या एका व्हिडिओचे रूपांतर करायला लावून मी एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये विजेचा आकडा पाहत बसलो. पहिली सुमारे तीस सेकंदे तो ४० वॅटच्या वर होता, मग पंख्याचा आवाज चढला, आकडा झपाट्याने उतरला आणि १८ वॅटवर येऊन टेकला तो काम संपेपर्यंत तिथेच राहिला. पंख्याचा ‘शांत’ पर्याय निवडला, तेव्हा तो १५ वर आला. याचा व्यवहारातला अर्थ असा की वेब पान उघडणे, मोठी स्प्रेडशीट पुन्हा मोजणे, दहा-वीस छायाचित्रे निर्यात करणे ही झटक्यात होणारी कामे हे यंत्र महागड्या यंत्रांच्या तोडीने करते, पण ज्या कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तिथे नावातला ७ हा आकडा काहीच उपयोगाचा राहत नाही. माझे काम बहुतांशी पहिल्या प्रकारचे असल्याने मला याचा त्रास नाही. रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

वेगळे ग्राफिक्स कार्ड माझ्या लॅपटॉपमध्ये नाही, पण वॅटचे हेच गणित तिथे आणखी उग्र होते, म्हणून एक उदाहरण देतो. एनव्हिडियाचे लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येते. सडपातळ लॅपटॉपमधले आणि जाडजूड लॅपटॉपमधले ४०६० ही नावापुरतीच भावंडे असतात. शिवाय लॅपटॉपचे आरटीएक्स ४०७० ८ जीबी मेमरीचे असते आणि डेस्कटॉपचे १२ जीबीचे, हेही अनेकांना खरेदीनंतर समजते.

रॅमच्या बाबतीत मला जे दिसले, ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. तक्त्यात १६ जीबी एवढेच लिहिले होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडले, तर तिथे दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याचे दिसले. खालचे झाकण काढले. आठ स्क्रू, त्यांपैकी मधला एक रबरी पायाखाली लपलेला. आत पंख्याच्या शेजारी एका स्लॉटमध्ये १६ जीबीची हिरवी पट्टी होती आणि त्याला लागूनच दुसरा स्लॉट मोकळा. डीडीआर५-५२०० ची एक पट्टी ६४ बिट रुंदीच्या वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त ४१.६ जीबी माहिती ने-आण करू शकते. दोन पट्ट्या असल्या की वाट १२८ बिटांची होते आणि मर्यादा ८३.२ जीबीवर जाते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच वाटेवर अवलंबून असते. म्हणून एक पट्टी टाकून विकलेला लॅपटॉप ग्राफिक्सच्या बाबतीत निम्म्या वाटेवर चालत असतो.

मी त्याच जातीची दुसरी १६ जीबीची पट्टी आणली, तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवली आणि दोन्ही बाजूंच्या खिट्या टक् करून बसेपर्यंत खाली दाबली. लेखन किंवा स्प्रेडशीट यांत काडीचाही फरक पडला नाही. पण बाहेर ४के मॉनिटर जोडून खिडक्या सरकवताना जी अडखळ होत असे, ती गेली आणि छायाचित्रांवरचे परिणाम पाहताना होणारा थांबा बराच कमी झाला. सोळा जीबी पुरत होते, दोन स्लॉट भरलेले हवे होते. हे काम कारखान्यातच ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून करता आले असते, याची खंत मात्र वाटते. तरी मोकळा स्लॉट होता हेच भाग्य म्हणायचे. तक्त्यात एलपीडीडीआर५एक्स, म्हणजे कमी वीज खाणारी रॅम, असे लिहिलेले असेल, तर रॅम बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते. कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही सारख्या प्रोसेसरांत तर ती प्रोसेसरच्याच तबकडीवर असते. तिथे २५६व्ही घेतला तर १६ जीबी आणि २५८व्ही घेतला तर ३२ जीबी, आणि हा निर्णय खरेदीच्या दिवशी कायमचा होतो. अशा रॅमचा वेग चांगला असतो आणि वीज कमी लागते, त्यामुळे ती सरसकट वाईट ठरत नाही. वाढवता येत नाही एवढे आधी माहीत असावे.

एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती एनव्हीएमई या वेगवान जातीची आहे, विंडोज लवकर सुरू होते आणि रोजच्या वापरात तिच्या वेगाची आठवणही येत नाही. शंभर जीबीचे फोल्डर एका दमात उतरवताना सुरुवातीचा जोर ओसरून लेखनाचा वेग सेकंदाला काही शे एमबीवर आला, पण असे काम रोज कोण करतो? ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, यावरून काहींना फसवल्यासारखे वाटते. तसे नाही. कंपनी जीबी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा फरक आहे.

डिस्प्लेवर मात्र माझा खरा राग आहे. आयपीएस हा शब्द पाहून मी निश्चिंत झालो होतो. आयपीएसमुळे तिरक्या कोनातून पाहिले तरी चित्र बिघडत नाही हे खरे, पण रंग किती दाखवता येतात याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सविस्तर पत्रकात, अगदी तळाशी, ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले मला नंतर सापडले. एनटीएससी हे रंगांची व्याप्ती मोजण्याचे एक जुने माप आहे. याचा अर्थ वेबवरच्या चित्रांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६२ ते ६३ टक्केच रंग हा डिस्प्ले दाखवू शकतो. गडद लाल गुलाबाचे छायाचित्र फोनवर जसे होते तसे येथे दिसेना. पाकळ्या विटकरी झाल्या आणि सावलीतल्या पाकळीची कड शेजारच्या पाकळीत विरून गेली. मी रंग सुधारायला गेलो आणि फोनवर परत पाहिले, तर ते छायाचित्र भडक झालेले. म्हणजे डिस्प्लेची उणीव मी छायाचित्रात भरत होतो. ज्याला रंगांशी काम आहे, त्याने शंभर टक्के एसआरजीबी ही अक्षरे दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. ३०० निट्सचा (निट हे डिस्प्लेच्या उजेडाचे माप) उजेड घरात पुरतो, खिडकीकडे पाठ करून बसले की पुरत नाही. या डिस्प्लेची एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे त्याची उंची. १०८० ऐवजी १२०० ओळी असल्याने लिहिताना परिच्छेदाच्या आणखी काही ओळी समोर राहतात, आणि १६ः९ च्या जुन्या डिस्प्लेकडे आता परत जाववत नाही.

बॅटरीच्या जाहिरातीत ‘पंधरा तासांपर्यंत’ असे लिहिले होते. हा दावा घरबसल्या तपासता येतो. ५० वॅट-तासांना १५ ने भागले की ३.३ वॅट येतात. म्हणजे डिस्प्लेसकट संपूर्ण यंत्राने सरासरी ३.३ वॅटवर चालले पाहिजे. मंद उजेडात साठवलेला व्हिडिओ पाहताना हे कदाचित जमेलही. माझ्या लेखन आणि ब्राउझरच्या कामात सरासरी ७ वॅट लागतात, त्यामुळे सात तास मिळतात, आणि ते मला पुरेसे आहेत. दोन लॅपटॉपांची तुलना करताना तासांच्या दाव्यापेक्षा वॅट-तासांचा आकडा विश्वासाचा, असे माझे मत झाले आहे.

या यंत्रात एनपीयू, म्हणजे एआयची कामे करणारा प्रोसेसरमधला खास भाग, नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’साठी जी अट घातली, तिच्यात किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटींहून अधिक क्रिया करणारा एनपीयू लागतो, म्हणजेच ४० टॉप्सपेक्षा जास्त. कोअर अल्ट्राच्या पहिल्या पिढीत एनपीयू असूनही ती या अटीत बसत नाही. त्यामुळे ‘एआय लॅपटॉप’ हा शिक्का आणि ‘कोपायलट प्लस’ हा शिक्का एकच समजू नये. चार महिन्यांत मला एनपीयूची उणीव एकदाही भासली नाही, हेही नोंदवतो.

लेखन, हिशेब, बैठका आणि प्रवास यांसाठी मी हा लॅपटॉप पुन्हा घेईन, मात्र त्याच्या जोडीला रॅमची दुसरी पट्टी आणि रंगांच्या कामासाठी वेगळा मॉनिटर धरूनच. कीबोर्ड उत्तम आहे, बिजागरी घट्ट आहे, आणि साध्या कामात पंखा इतका मंद असतो की तो चालू आहे का हे पाहायला कान जवळ न्यावा लागतो.

राहिली पोर्टची तक्रार. तक्त्यात ‘दोन टाइप-सी’ असे होते आणि डाव्या बाजूला बोटभर अंतरावर अगदी एकसारखी दोन छिद्रे आहेत. त्यांपैकी मागच्या पोर्टमधून चार्जिंग होते, मॉनिटर चालतो आणि सेकंदाला १० गिगाबिट माहिती जाते. पुढच्यातून फक्त ५ गिगाबिट माहिती जाते, ना चार्जिंग ना चित्र. दोन्हींतला फरक सांगणारी खूण करड्या कवचावर करड्याच रंगात कोरलेली आहे आणि ती टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाही. रात्रभर चार्जर पुढच्या पोर्टला लावून ठेवून सकाळी नऊ टक्के बॅटरी पाहण्याचा प्रसंग दोनदा आल्यावर, मागच्या पोर्टशेजारी मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढला आहे.