तळमजल्यावर मैलापाणी उलटं आलं: स्प्रिंग मशीन की जेटिंगची गाडी?

आधी बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर कोरडं असेल तर चोकअप तुमच्या घरातल्या पाइपात आहे, आणि तिथे स्प्रिंग मशीनच बरं. प्लंबर येतो, पाइपात लांब लवचीक स्प्रिंग फिरवतो, अडकलेलं फडकं, केसांचा गुंता किंवा सॅनिटरी पॅड आकड्याला लागून बाहेर येतं. खर्चही कमी.

पण चेंबर काठोकाठ भरलेलं असेल आणि वरच्यांनी फ्लश केला की तुमच्या मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत असेल, तर सोसायटीची मेन लाइन तुंबली आहे. इथे स्प्रिंग तेल-तुपाच्या थरात फक्त भोक पाडते. पाणी उतरतं, सगळे खूश होतात, आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. जेटिंगमध्ये गाडीतून जोरात सोडलेल्या पाण्याचा दाब पाइपाच्या भिंतीला चिकटलेला थर धुऊन काढतो. माझं मत स्पष्ट आहे: मेन लाइनला जेटिंगच, आणि खर्च सगळ्या सोसायटीने उचलायचा, एकट्या तळमजल्याने नव्हे. मात्र जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सांधे निखळलेले असतील तर दाब बेताचा ठेवायला सांगा.

दोन्हींपैकी काहीही करा, आधी अ‍ॅसिड ओतू नका. नंतर पाइप उघडणाऱ्याच्या अंगावर ते उडतं. आणि चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेही संरक्षक साधनांशिवाय असं काम करून घेणं हा गुन्हा आहे.