ड्रॉप्सनेच लाल झालेल्या डोळ्यांसाठी: सिंगल डोस व्हायल घ्यावी की बाटली?

लाली घालवणारे ड्रॉप्स रोज टाकून ज्यांचे डोळे आता कायमच लाल आणि कोरडे राहतात, त्यांनी महिनाभर तरी प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या सिंगल डोस व्हायल, म्हणजे एकदाच वापरून टाकायच्या छोट्या नळ्या, घ्याव्यात. कृत्रिम अश्रूंची बाटली स्वस्त पडते, पण या त्रासात तिचा नंबर दुसरा. तसं का, ते कळायला आधी लालीवाल्या जुन्या बाटलीचं लेबल वाचा.

मेडिकलमध्ये नुसतं ‘डोळे लाल झालेत’ म्हटलं की बरेचदा नाफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन किंवा फेनिलेफ्रिन असलेली बाटली हातात येते. ही औषधं डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. काही मिनिटांत डोळा स्वच्छ दिसतो, असर उतरला की त्याच वाहिन्या पुन्हा फुगतात, आणि सवय झालेल्या डोळ्यात आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब. मूळ कोरडेपणावर या औषधाचा काहीच उपाय नाही. वर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते साबणासारखं काम करतं: अश्रूंवरचा तेलकट थर तोडतं आणि बुबुळाच्या पृष्ठभागावरच्या पेशींना इजा करतं. दिवसातून सहा-आठ वेळा हे डोळ्यात गेलं तर चुरचुर आणि खुपणं थांबणार कसं?

व्हायलमध्ये हे काहीच नसतं. डोळा ओला ठेवणारं ०.५ टक्के कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज, क्षार आणि पाणी. एका व्हायलमध्ये साधारण ०.४ मिली, म्हणजे दोन्ही डोळ्यांना पुरून उरेल एवढं. टोकाची चपटी पट्टी पिळून तोडायची, पहिला थेंब बाहेर टाकायचा. तोडलेल्या टोकाला कधी कधी धार राहते, म्हणून व्हायल पापणीपासून बोटभर लांब धरा. खालची पापणी ओढून त्या खाचेत एकच थेंब टाका. डोळ्यात मावतं जेमतेम ३० मायक्रोलिटर आणि एक थेंबच ३० ते ५० चा असतो, त्यामुळे दुसरा थेंब नुसता गालावरून ओघळतो. मग डोळा मिटून मिनिटभर शांत बसा. दुसरं कुठलं औषध टाकायचं असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या.

तोटा एकच, पण मोठा: बाटलीच्या तुलनेत या व्हायल बऱ्याच महाग पडतात. म्हणून उरलेलं औषध संध्याकाळसाठी जपून ठेवण्याचा मोह होतो. तसं करू नका. जंतूंना रोखणारं आत काहीच नाही, आणि तोडलेलं टोक पुन्हा नीट बंद होत नाही.

पहिला आठवडा जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक थेंब, पुढे दिवसातून चार ते सहा वेळा. लालीवाले ड्रॉप्स त्याच दिवशी बंद. सुरुवातीचे दिवस डोळे आणखी लाल दिसतील. बहुतेक लोक इथेच हार मानून जुनी बाटली उघडतात. त्याऐवजी गार पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल पाच-दहा मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. पूर्ण उतार पडायला काही आठवडे लागू शकतात. अगदीच सहन होत नसेल तर आधी एकाच डोळ्याचे ड्रॉप्स थांबवा आणि तो निवळला की दुसऱ्याचे. गुलाबपाणी, मध, दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं.

थेंबांची गरज दिवसाला चार वेळांवर आली की बाटलीवर यायला हरकत नाही. रिफ्रेश टीअर्समध्ये तेच सेल्युलोज आहे आणि प्युराइट हे त्यामानाने सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह. सिस्टेन अल्ट्रामध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे, प्रिझर्व्हेटिव्ह पॉलिक्वाड. ही बाटली टाकण्याआधी हलवावी लागते. कोरडेपणासाठी दोन्ही चांगल्या. बाटली फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहा आणि महिन्याने ती टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी. झडप असलेल्या प्रिझर्व्हेटिव्हमुक्त बाटल्याही मिळतात, पण त्या दाबायला जड असतात. सांधेदुखीच्या हातांना त्या अवघड जातात. सकाळी उठल्यावर डोळे जास्त खुपत असतील तर झोपताना १ टक्क्याची जेल टाका. नजर थोडा वेळ धूसर होते, म्हणून अंथरुणावर पडल्यावरच.

जुन्या बाटलीच्या लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा फ्लुओरोमेथोलोन दिसलं तर वरचं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. ही स्टेरॉइड्स आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात, तरी सर्रास मिळतात. जास्त दिवस वापरली तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. ती कशी कमी करायची ते नेत्रतज्ज्ञ दाब मोजून ठरवतील. काचबिंदूचे ड्रॉप्सही परस्पर बंद करायचे नाहीत.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरताना डोळा लाल झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शेतात उसाचं पात लागून लाल झालेल्या डोळ्याचंही तेच. तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि स्टेरॉइडने तो फोफावतो. अशा डोळ्यात घरातली कुठलीच उरलीसुरली बाटली रिकामी करू नका.