पाचवी ते आठवीच्या पोरांची संध्याकाळची अभ्यासिका, सातारा – वर्षभराचा अनुभव

मी सहसा रिव्ह्यू वगैरे लिहीत नाय, पण गेल्या आठवड्यात तिघीजणींनी विचारलं की तुमचा कुठं जातो, म्हटलं एकदाच लिहून टाकावं. नाव टाकत नाय कारण नाव असं नाहीच, बोर्डपण नाय. राजवाड्याच्या मागच्या अंगाला एक जुना वाडा आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड सर चालवतात.

आमचं पोरगं सातवीत. आधी दोन वर्षं एका मोठ्या क्लासला होतं, तिथं एका बॅचला ७० पोरं, एसी, दर रविवारी टेस्ट आणि निकाल पालकांच्या ग्रुपवर नंबरासकट. बावन्नावा आला की त्या दिवशी हा जेवायचाच नाय. मग काढला.

इथं ५ ते साडेसात. पहिला पाऊण तास नुसतं खेळायचं, लंगडी, खोखो, काय पण, मग हातपाय धुऊन अभ्यास. पोरं २८. दहावी-अकरावीची सात-आठ मोठी पोरं येतात, त्यांची फी माफ, आणि प्रत्येकाकडं तीन-चार बारकी पोरं सोपवलेली. ह्या मोठ्या पोरानं, म्हणजे दादानं, शिकवायचं नाय, शेजारी बसून स्वतःचा अभ्यास करायचा, गणित अडलं तर सरांकडं. मला आधी वाटलं हे काय, पैसे देऊन पोरांना पोरांच्यात बसवायचं. पण साताऱ्यात ही गोष्ट नवीन थोडीच आहे, कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला इथंच बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीची पोरं एकत्रच राहायची, एकमेकांचं बघूनच शिकली असणार.

खरा फरक दिवाळीनंतर कळला. ह्याचा आवाज फुटायला लागला होता, शाळेत कविता म्हणताना मध्येच चिरकला आणि अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून हात वर करणं बंद. घरी विचारलं की "काय नाय". बापानं विचारलं तरी "काय नाय". अभ्यासिकेतल्या त्याच्या दादानं काय केलं, तर रोज गॅलरीत उभं करून पेपर मोठ्यानं वाचायला लावला, आधी खेळाचं पान, मग बाकीचं. आवाज फाटला की समजूत नाय, चेष्टा नाय, फक्त "पुढचं वाच". आणि एकदा सांगितलं म्हणे की माझं पण वर्षभर असंच होतं, फोन उचलला की लोक म्हणायचे, "वहिनी, साहेब आहेत का?" हे पोरगं घरी चपाती खाता खाता सांगताना इतकं हसलं की ठसका लागला. जानेवारीत शाळेत प्रतिज्ञा म्हणायला स्वतः पुढं गेला, तेव्हा पण चिरकला म्हणे, पण म्हणली पूर्ण.

सरांनी एकदा पालकांना पण बोलावलं होतं, लांबलचक भाषण नाय, दहा मिनिटं. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्यानं वाढते आणि मुलांच्यात हे बदल ९ ते १४ मध्ये कधीपण सुरू झाले तरी नॉर्मलच, म्हणून सातवीच्या वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा चौथीतला वाटतो, तुलना करू नका. आमच्या ह्यांनी उंची वाढावी म्हणून दारात लोखंडी बार बसवून घेतलेला, त्यावर आता टॉवेल वाळतात.

आता तक्रारी. जानेवारी लागला की दहावीची दादा मंडळी बोर्डाच्या तयारीला गायब होतात, फेब्रुवारी-मार्चला सर एकटेच आणि २८ पोरं, नुसता बाजार भरतो, फी मात्र तेवढीच. सरांना म्हटलं तर म्हणाले, "ताई, त्यांची पण परीक्षा आहे." बरोबर आहे पण अकरावीची पोरं वाढवा की. संडास एकच. आणि साडेसातला खाली गाड्यांची अशी गर्दी की रिक्षा पण निघत नाय.

मार्कांसाठी पाठवणार असाल तर नका पाठवू. आमच्या पोराचं गणित ६१ वरून ६४ झालं, बस एवढंच. स्कॉलरशिप, एनएमएमएसची तयारी इथं होत नाय. एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, ती आठवीत असते, सरकारी नायतर अनुदानित शाळेतली पोरं आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असलं तर बसता येतं, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२००० मिळतात, त्यामुळं पुढच्या वर्षी त्याचं वेगळं बघावं लागणार. पण अभ्यासिका सोडणार नाय, पोरगंच तयार नाय सोडायला.

फी महिना ८००, रोख घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत तर मागून घ्या. बघायला जायचं तर पावणेसहाच्या आसपास जा, तेव्हा पोरं घामेजलेली वर येत असतात आणि सर मोकळे असतात. जिना अंधारा आहे, सांभाळून.