फिल्मवर ०.२५, आत ०.१२

एसीपी शीटवर (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत प्लास्टिक) हाताने बोर्ड लिहिणाऱ्यांनी, आणि लिहून घेणाऱ्या दुकानदारांनीही, हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे सहा बोर्ड वाया गेले आणि वर दोषही माझ्याच माथी आला.

फ्लेक्स आल्यापासून सोलापुरात आम्हा पेंटर लोकांचं काम आटलं होतं. २०२२ मध्ये कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, तेव्हापासून थोडी विचारणा सुरू झाली. यंदा गड्ड्याची यात्रा संपल्यावर चाटी गल्लीतल्या चादर-टॉवेलच्या एका व्यापाऱ्यांनी सहा बोर्ड सांगितले. प्रत्येकी आठ बाय चारची पूर्ण शीट, मरून रंग, वर ठसठशीत मराठी आणि खाली पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांसाठी तेलुगूत एक ओळ. अशी ऑर्डर मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

नेहमीच्या दुकानात मरून नव्हती. दुसऱ्या एका विक्रेत्याने चौरस फुटाला वीस रुपये कमी सांगितले. शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर स्वच्छ छापलेलं होतं: ४ एमएम, पत्रा ०.२५ एमएम, पीव्हीडीएफ, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं रंगाचं कोटिंग. “पेंटर, एक नंबर माल आहे, बाहेरच्या कामाचा. बिनधास्त न्या.” ७८ रुपये दराने सहा शीटचे १४,९७६ रुपये रोख दिले. हातात आली ती कच्ची पावती.

फसवणूक तयारी करतानाच दिसायला हवी होती, म्हणून हे नीट सांगतो. फिल्म काढली, साबणाच्या पाण्याने शीट धुतली, सुकवली आणि चारशे नंबरचा पेपर ओला करून घासायला घेतला. शीटची चमक मारल्याशिवाय इनॅमल धरत नाही. खऱ्या पीव्हीडीएफवर तर ब्रशचा रंग मुळात बसायला तयार नसतो, घासून घासून मनगट भरून येतं. इथे चार हात फिरवले आणि कडेला पांढरा अ‍ॅल्युमिनियम उघडा पडला. नंतर थिनरचं फडकं फिरवलं तर फडकं लालसर झालं. मी काय केलं? उघड्या जागेवर प्रायमर मारला आणि पुढे गेलो. काम द्यायची घाई होती. तिथेच हात थांबवायला हवा होता.

लिहायला अकरा दिवस लागले. खडूच्या दोरीने रेघा, कागदावर टोचून काढलेली अक्षरं, त्यावर पुरचुंडीने पावडर, मग पिवळ्या इनॅमलचे दोन हात. अक्षरं देखणी उतरली होती, हे मी आजही म्हणेन.

एप्रिलच्या मध्याला व्यापाऱ्यांचा फोन आला, “मामा, बोर्डाला फोड आलेत.” जाऊन पाहिलं. पश्चिमेच्या उन्हात दुपारी हात टेकवत नव्हता. पत्रा आतल्या प्लास्टिकपासून सुटून फुगला होता, शिरोरेषा साप चालावा तशी वाकडी, आणि फुग्याच्या कडेने इनॅमलला तडे.

विक्रेत्याकडे गेलो तर म्हणाला, “तुम्ही थिनर मारला, पेपर मारला, शीट तुम्हीच खराब केली.” पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्याला हे ऐकावं लागलं. मी एक कोपरा कापून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेला. पत्रा सोलून मायक्रोमीटरला लावला: ०.१२ एमएम. एकूण जाडी ३.७. फिल्म कुणीही हवी तशी छापून घेऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून शीट घेताना दुकानातच कोपऱ्याची पट्टी कापून मागा. कॅलिपरने एकूण जाडी बघा, पत्रा सोलून तो वेगळा मोजा. आठ बाय चारची खरी ४ एमएम, ०.२५ ची शीट साडेतेरा किलोच्या आसपास भरते. ११ किलो भरली तर शंका घ्या. मात्र भरपूर वजनावरही विसंबू नका, आतल्या प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. तसा माल असेल तर कापलेली पट्टी दुमडली की आतलं कुसकरतं. थिनरचं फडकं मागच्या बाजूला नाही, पुढच्या रंगावर, कोपऱ्यात फिरवा; फडक्याला रंग लागला तर शीट घेऊ नका. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर पत्र्याची जाडी आणि कोटिंग लिहून घ्या.

बिलाचं एवढ्यासाठी सांगतो की मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. स्वतःच्या हातावर पोट भरणाऱ्याने धंद्यासाठी घेतलेला माल असला तरी २०१९ च्या कायद्यात तो ग्राहक ठरतो, हे खरं आहे. पण माझ्या पावतीवर दुकानाचं नाव नाही, मालाचं वर्णन नाही, फक्त आकडा आहे.

व्यापारी भले निघाले. बोर्ड परत मलाच लिहायला दिले, रंगाचे पैसे त्यांनी दिले, शीटचे मी घातले. तीन लिहून झाले आहेत, तिसऱ्याच्या तेलुगू ओळीचा दुसरा हात काल संपवला. उरलेल्या तीन शीट नेहमीच्या दुकानातून आणायच्या आहेत, कॅलिपर पिशवीत आहे.