शायर, पर्शरॉन की आपला मारवाडी: सोलापुरात जड माणसानं बसायला कुठला घोडा घ्यावा

आमचे दाजी मोहोळकडचे, उंची सहा फूट एक आणि वजन १०४ किलो. मागं एका वरातीत त्यांना मारवाडी घोड्यावर बसवलं, तर पन्नास पावलं गेल्यावर स्वतःच खाली उतरले. म्हणाले, "त्याची पाठ खाली जायला लागली रे, मला बघवेना." तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच, की मोठा परदेशी घोडा घ्यायचा, तो पायाला केस असलेला, टनाचा. अकलूजच्या घोडेबाजाराला जायचं ठरत होतं तेव्हा त्यांचा फोन आला, "शायर चांगला का पर्शरॉन, तेवढं सांग." हाच प्रश्न मला आणखी तीन-चार जणांनी विचारलाय, सगळे अंगानं भारी आणि सगळ्यांना घोड्याची काळजी आहे म्हणूनच विचारतात, त्यामुळं म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं.

हे सगळे मुळात ओढकामाचे घोडे, म्हणजे नांगर, गाडा, लाकडाचे ओंडके यासाठी वाढवलेले. इंग्लंडचा शायर १७ हाताच्या वर जातो, एक हात म्हणजे चार इंच, म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत ६८ इंच आणि पुढं. शायरमधला सॅम्पसन नावाचा घोडा १८४६ ला जन्मला, तो साडेशहाऐंशी इंच भरला होता आणि वजन दीड टनाच्या वर! स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल शायरपेक्षा जरा हलका, पाय उचलून टाकणारा. फ्रान्सचा पर्शरॉन १६-१७ हात, रंगानं बहुतेक राखाडी नाहीतर काळा. बेल्जियन अंगानं सगळ्यात ठोकळा. सफोक पंच नेहमी तांबडा, पायाला केस नाहीत, पण आता फारच थोडे उरलेत त्यामुळं तो विषयच नको. वजनं ढोबळमानानं ७०० ते १००० किलो. आपला मारवाडी ५८ ते ६४ इंच आणि साधारण साडेतीनशे-चारशे किलो.

आता कागदावर हिशोब केला तर दाजींचं बरोबर वाटतं. २००८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये आठ घोड्यांवर प्रयोग झाला होता, घोड्याच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून त्यांना चालवलं-पळवलं. २० टक्क्यांपर्यंत ठीक होतं, पुढं २५-३० ला अंग दुखायला लागलं. यात माणूस आणि खोगीर दोन्ही धरायचं. दाजी १०४ अधिक खोगीर १० म्हणजे ११४. चारशे किलोच्या मारवाडीला हे साडेअठ्ठावीस टक्के होतं, म्हणजे वरातीत दाजींना जे दिसलं ते खरंच होतं. तेच साडेआठशेच्या पर्शरॉनवर साडेतेरा टक्के.

वजनकाटा नसला तर टेपनं काढता येतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, बसतो तिथं छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. माझ्या घोडीचा घेर १७०, लांबी १५२, उत्तर आलं ३७० किलो. मी ती साडेचारशेची आहे असं सगळ्यांना सांगत होतो, तेव्हापासून जड माणूस तिच्यावर बसवायचं बंद केलं.

पण टक्केवारीवर थांबू नका, कारण ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. ओढताना घोडा छाती गळपट्ट्यात टाकून मागच्या पायांनी जमीन रेटतो, त्यासाठी खांदा उभा आणि पुठ्ठा भरलेला लागतो. पाठीवर ओझं घ्यायचं तर कंबर आखूड-मजबूत पाहिजे आणि खोगीर जागेवर राहायला मानेखालचा उंचवटा पाहिजे. या घोड्यांचा तो उंचवटा बहुतेक सपाट असतो त्यामुळं साधं खोगीर बाजूला घसरतं, आणि तंग जास्त आवळला की घोड्याला जाच. शिवाय त्याचं स्वतःचंच टनभर वजन चार खुरांवर आणि सांध्यांवर आहे, त्यात आपण भर घालणार. म्हणून वजन दुप्पट म्हणजे ओझं दुप्पट असा सरळ हिशोब इथं चालत नाही, आणि ही हाडं पक्की व्हायला पण जास्त वर्षं लागतात. आपल्याकडं दोन दाती, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या शिंगरावर लोक सर्रास बसतात, ते कुठल्याच घोड्यावर करू नये पण या जातींवर तर अजिबात नाही, दात जुळल्याशिवाय म्हणजे पाचाच्या आत जड माणूस बसूच नये.

लोक म्हणतात जुन्या काळी चिलखतवाले सरदार याच घोड्यांवर बसायचे. इंग्लंडमध्ये संशोधकांनी त्या काळातल्या घोड्यांची हाडं मोजली तर बहुतेक घोडे १४.२ हाताच्या आत निघाले, म्हणजे ५८ इंच, आपल्या बाजारात ज्याला लहान म्हणून बाजूला सारतील तेवढे. ब्रिटनच्या शाही पलटणीत नगारे वाहायला शायर, क्लाइड्सडेल असतात हे खरंय, पण ते समारंभात सावकाश चालीनं, रोज शेताच्या बांधावरून दुडकीनं नाही.

आणि आता सोलापूर. एप्रिल-मेला ४०-४३ डिग्री आपल्याला नवीन नाही. घोडा जसा मोठा होतो तशी अंगातली उष्णता वजनाच्या हिशोबानं वाढते पण ती बाहेर टाकणारी कातडी त्या हिशोबानं वाढत नाही, वजन दुप्पट झालं तर कातडी दीडपटीच्या जरा वरच. म्हणजे साडेचारशेचा घोडा पिंपळाखाली अर्ध्या तासात निवतो तिथं नऊशेचा धापाच टाकत राहतो. उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून निदान घाम उडतो, मला तर जास्त भीती जून ते सप्टेंबरची वाटते, ऊन पण आणि दमट पण, घाम अंगावरच राहतो. काही घोड्यांना तर घाम यायचाच बंद होतो आणि मग ताप चढून पडतात. भारतीय लष्करानं हाफलिंगर, हा ऑस्ट्रियाकडचा डोंगरी घोडा, ओझ्याची जनावरं तयार करायला वापरून बघितला होता, त्याला आपल्याकडची वाळवंटी गरमी सोसली नाही म्हणून ते जमलं नाही. हाफलिंगर तर या सगळ्यांत लहान! तरी कुणी घेतलाच तर पहाटे साडेसहाच्या आत फेरी संपवा, पंखे लावा, आणि तापलेल्या अंगावर गार पाणी सारखं ओतत राहा. गार पाण्यानं घोडा आखडतो ही जुनी भीती १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आसपास जो अभ्यास झाला त्यात खोटी ठरली.

पायाच्या केसांचं मी डोळ्यांनी बघितलंय. पुण्याकडं एका फार्महाऊसवर असा केसाळ पायाचा क्रॉस घोडा होता, काळा, लांबून बघितला तर नजर हटत नव्हती. पावसाळा चालू होता, तो उभ्या उभ्या मागचा पाय जमिनीवर आपटत होता, थांबायचा आणि परत आपटायचा. मी बसून नळीखालचे केस बोटांनी बाजूला केले तर आत ओल्या खपल्या, त्याखाली लालभडक कातडी, आणि वास. मोतद्दार पोरगा म्हणाला, "रोज शाम्पू लावतो साहेब." शाम्पू लावून ओलं ठेवल्यानंच चिघळलं होतं ते. त्या केसात बारीक किडे होतात, आणि शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन यांच्यात पायाला सूज धरून कातडी जाड, घडीघडीची होत जाणारा एक आजार पण असतो, तो पूर्ण बरा होत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल कसा चिकटतो माहितीय, त्यात हे पाय रोज धुऊन कोरडे कोण करणार?

खाण्याचं बघा. वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला तर नऊशेच्या घोड्याला दिवसाला १८ किलो, महिन्याला सव्वापाचशेच्या वर, आणि मारवाडीला दिवसाला आठ. कडबा आपल्याकडं चांगला मिळतो, मालदांडी ज्वारीचा तर चांगलाच, पण नुसत्या कडब्यावर कुठलाच घोडा राहत नाही, लसूणघास, मीठ, खनिज मिश्रण द्यावंच लागतं, आणि ज्वारीचे कोवळे पोंगे तर घोड्यापासून लांबच ठेवा, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, फक्त गाईलाच होते असं नाही. दुसरं म्हणजे आपली सवय, घोडा आला की भिजवलेला हरभरा पाटीभर. पर्शरॉन आणि बेल्जियनमध्ये एक जन्मजात दोष बऱ्याच घोड्यांत सापडतो, पिष्टमय खाणं जास्त झालं की त्यांचे स्नायू आखडतात, घोडा चालता चालता दगडासारखा उभा राहतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. त्यांना चारा आणि तेल यावर ठेवायचं असतं, धान्यावर नाही. हे माहीत नसलेला माणूस प्रेमानं खाऊ घालूनच तो घोडा घालवेल, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

नाल, खोगीर याचं थोडक्यात, आपल्या नालबंदाकडं त्या मापाचा नाल तयार नसतो, घडवून घ्यावा लागेल. पाठ इतकी रुंद की तासाभरात मांड्यांचे सांधे धरतात, चढायला ओटा लागतो आणि रानात मध्येच उतरलात तर परत चढायला बांध शोधत फिरायचं.

एवढं सांगूनही कुणाला घ्यायचाच असेल तर माझा नंबर पर्शरॉनला. पायाला केस कमी, चाल त्यातल्या त्यात मोकळी, आणि त्या जातीत अरबी रक्त मिसळल्याचं सांगतात. आजचे सगळे पर्शरॉन १८२३ ला जन्मलेल्या जाँ ल ब्लाँ नावाच्या एकाच घोड्यापर्यंत जातात. शायर-क्लाइड्सडेल सोलापूरसाठी नको, बेल्जियन फक्त ओढायला. नेदरलँड्सचा फ्रिजियन म्हणजे तो काळा लांब आयाळीचा, तो खरं तर बग्गीचा घोडा, बसायला या सगळ्यांपेक्षा बरा, पण पायाला केस आणि अंग काळं. आयरिश ड्राफ्ट नावात ड्राफ्ट म्हणजे ओढकामाचा असला तरी शेतात पण चालायचा आणि शिकारीला पण, थरोब्रेड म्हणजे रेसच्या घोड्याबरोबरचा त्याचा क्रॉस जगभर बसायला वापरतात, तो मिळाला तर मी डोळे झाकून हो म्हणेन. पण परदेशातून घोडा आणायचा तर परवाना, तपासण्या, क्वारंटाइन हे सगळं आलं, आणि अकलूजला मी एवढी वर्षं जातोय तिथं जातिवंत शायर किंवा पर्शरॉन कधी बघितला नाही. 'पर्शरॉन क्रॉस' म्हणून जे दाखवतात त्याचे कागद मागा, नसले तर तो नुसता जाड घोडा समजा.

मग कुणी म्हणतं आपल्या घोडीवरच क्रॉस करू. १९३८ मध्ये केंब्रिजला शायर आणि शेटलंड या चिमुकल्या जातीचा क्रॉस दोन्ही बाजूंनी करून बघितला होता. आई शेटलंड तर शिंगरू जन्मताना शेटलंडएवढंच, आई शायर तर शायरएवढं, आणि मोठं झाल्यावर पण फरक राहिला. म्हणजे आपल्या ५६ इंची घोडीच्या पोटी हत्ती येणार नाही, चार-पाच वर्षं थांबून जो येईल तो मधलाच.

आता आपल्याकडचे. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं असं आपण अभिमानानं म्हणतो, तो भीमथडी घोडा आपल्याच भीमेकाठचा, धनगरांनी बिऱ्हाड लादून सांभाळलेला, काही वर्षांपूर्वी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद पण झाली. काटक, कडब्यावर भागवणारा, खूर दगडासारखे. पण ५०-५२ इंचाचा, तो पोराबाळांना आणि हलक्या माणसाला, दाजींना नाही. मारवाडी आणि काठेवाडी उन्हाला पक्के, मारवाडीची रवाल चाल असली तर पोटातलं पाणी हलत नाही, पण खोगिरासकट ८० च्या वर त्यांच्यावर जाऊ नये, चांगल्या हाडाचा ६४ इंची असला तर ८५. बाजारात लोक उंची, कान आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) बघतात, तुम्ही पुढच्या गुडघ्याखालची नळी टेपनं मोजा आणि कंबरेवर हात ठेवून रुंदी बघा. त्या ओहायोच्या प्रयोगात पण रुंद कंबर आणि जाड नळीच्या घोड्यांना दुखणं कमी झालं होतं.

राहिला रेसचा रिटायर थरोब्रेड. ५०० ते ५५० किलो, म्हणजे १००-११० ओझं, आणि पुण्या-मुंबईकडून मिळतो. कातडी पातळ, खूर नाजूक, डोकं गरम. मी एक घेतला होता, विकणारा म्हणाला एकदम फिट, घरी आणल्यावर पाठीवर बोट फिरवलं की खाली बसायचा. आठ महिने बसलो नाही त्याच्यावर, नुसता हातानं फिरवला. त्यामुळं डॉक्टरला घेऊन जा, पाठीचे आणि पायाचे एक्सरे काढा, आणि शांत, खच्ची केलेला, आठ-दहा वर्षांचाच बघा.

दाजींना मी हेच सांगितलं. साडेपाचशेचा थरोब्रेड, तुम्ही ९५ वर या, खोगीर आठ किलोचं घेऊ, म्हणजे १०३, पावणेएकोणीस टक्के, रोज तासभर चाल आणि थोडी दुडकी, झेपेल त्याला. आणि मोठ्या घोड्याची हौस राहिलीच असेल तर त्याला टांग्याला जुंपा, त्याचं अंग त्यासाठीच घडलंय, गाडी नीट तोललेली असली की त्याच्या पाठीवर तुमचा भार जवळजवळ येतच नाही आणि तुम्ही पण ताठ बसाल.

त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नळी किती इंच पाहिजे म्हणालास?" मी म्हटलं आठाच्या वर. रविवारी अकलूजला निघालो तेव्हा गाडीत बसल्या बसल्या त्यांनी खिशातनं ताईची शिलाईची टेप काढून दाखवली, आणि ९५ व्हायला अजून सहा किलो राहिलेत ते पण सांगितलं.