हाड कुठल्या बाजूला वळतं? नोटो सान्स सीजेके दोन वर्षं वापरल्यावर

मी जपानीतून मराठीत भाषांतर करते. एकाच पानावर देवनागरी, रोमन, कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) आणि मधूनच एखादं कोरियन नाव, हे माझं रोजचं. लिनक्सवर गेली दोन वर्षं मी नोटो सान्स सीजेके (सीजेके म्हणजे चिनी, जपानी, कोरियन) हा फॉलबॅक फॉन्ट म्हणून वापरते आहे. मुख्य फॉन्टमध्ये एखादं अक्षर सापडलं नाही, की सिस्टिम ज्याच्याकडे वळते तो फॉलबॅक.

अक्षरांच्या जागी दिसणारे रिकामे चौकोन फॉन्ट बसवल्या दिवशीच गेले. या चौकोनांना तोफू म्हणतात आणि ‘नो तोफू’वरूनच नोटो हे नाव आलं. मला वाटलं, काम झालं. मग एका जपानी सहकाऱ्याने माझ्या पीडीएफमधल्या ‘हाड’ या अर्थाच्या कांजीभोवती लाल गोल काढून पाठवला. त्या अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकट असते आणि तिच्या आत आणखी एक छोटा कोपरा. जपानीत तो कोपरा उजवीकडे असतो, चीनच्या सरलीकृत लिपीत डावीकडे. माझ्या पानावर तो डावीकडे होता. ‘सरळ’ या अर्थाच्या अक्षराचीही तीच गत: जपानी रूपात डाव्या बाजूने खाली येऊन वळणारी काटकोनी रेघ असते, ती माझ्याकडे नव्हतीच.

कारण असं, की युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाने, चिनी, जपानी आणि कोरियन या तिन्ही भाषांतल्या सामायिक अक्षरांना एकच क्रमांक दिला आहे. कुठलं रूप दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो. माझ्या मशिनवर आधीपासून बसलेला एक चिनी फॉन्ट रांगेत पुढे उभा होता, म्हणून नोटोची पाळीच येत नव्हती.

इथे नोटोची खरी किंमत कळते. जपान, कोरिया, चीन, तैवान आणि हाँगकाँग अशी पाच रूपं त्यात वेगवेगळ्या नावांनी मिळतात. लिनक्सवर फॉन्ट निवडण्याचं काम फॉन्टकॉन्फिग करतं. त्याच्या फाइलमध्ये सान्स-सेरिफसाठी (टोकांना शेपट्या नसलेल्या अक्षरांसाठी) मी क्रम लावला: आधी नोटो सान्स, मग नोटो सान्स देवनागरी, मग सीजेके जेपी (जपानी रूप) आणि शेवटी केआर (कोरियन रूप). एफसी-कॅश ही आज्ञा चालवून फॉन्टची यादी ताजी केली, कुठला फॉन्ट निवडला जातो याची एफसी-मॅचने खात्री केली, आणि हाडाचा कोपरा उजवीकडे गेला. त्या दिवशी मी जुनी सगळी भाषांतरं उघडून पाहत बसले होते.

क्रमाबद्दल एक कळकळीची सूचना: सीजेके पहिल्या नंबरावर ठेवू नका. त्यात रोमन अक्षरं आणि अवतरणचिन्हंही आहेत. जेपी रूपातली गोल अवतरणचिन्हं पूर्ण कांजीएवढी जागा घेतात, त्यामुळे मराठी वाक्यात शब्दाच्या आधी भलंमोठं भगदाड पडतं. मी सुरुवातीला हीच चूक केली आणि दोष देवनागरी फॉन्टमध्ये शोधत राहिले.

चिनी आणि जपानी एकाच पानावर हवं असेल तर नुसत्या क्रमाने भागत नाही. वेबपानावर त्या त्या मजकुराला भाषेचा टॅग लावा, लिब्रेऑफिसमध्ये तो भाग निवडून आशियाई भाषा ठरवा. साध्या टेक्स्ट फाइलला मात्र भाषाच माहीत नसते, तिथे एकच रूप मिळणार.

गूगल आणि अडोबी यांनी २०१४ मध्ये हा फॉन्ट मिळून आणला (अडोबीकडे त्याचं नाव सोर्स हान सान्स), आणि कामाचा दर्जा डोळ्यांना जाणवतो. सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, परवाना मुक्त आहे, आणि हंगुल या कोरियन लिपीची आधुनिक वापरातली सगळी ११,१७२ अक्षरं आहेत, त्यामुळे कोरियन नाव कधीच अडलं नाही. तिरपा प्रकार नाही. सॉफ्टवेअर अक्षरं ओढून तिरपी करतं, ती वाईट दिसतात. मी जपानीत जोर द्यायला ठळक वजन वापरते. शिवाय एका फॉन्टमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त आकृत्या बसत नाहीत आणि युनिकोडमधली हान (म्हणजे चिनी मूळ असलेली) अक्षरं ९० हजारांच्या वर गेली आहेत. जुन्या वंशावळीतली दुर्मीळ आडनावं आली की चौकोन परत दिसतो, म्हणून रांगेच्या शेवटी मी आणखी एक मोठा फॉन्ट ठेवला आहे.

पुस्तकाच्या मजकुरासाठी २०१७ मध्ये आलेला नोटो सेरिफ सीजेके घ्या. त्याची ओळ मात्र फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये सेरिफखाली (शेपट्या असलेल्या अक्षरांच्या भागात) वेगळी लिहावी लागते, सान्सचा क्रम तिथे आपोआप लागू होत नाही.