सरपणासाठी खुकरी घेताना: सिरुपाते, आंगखोला की पानावल?

सरपण तोडण्यासाठी खुकरी घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात सहसा तीन नावे एका दमात ऐकवली जातात: सिरुपाते, आंगखोला आणि पानावल. यातली पहिली दोन नावे पात्याची आहेत आणि तिसरे मुठीचे, त्यामुळे ‘सिरुपाते की पानावल’ हा प्रश्नच मुळात तिरका आहे. मी तो तसाच विचारला आणि पहिल्या वर्षी चुकीचे उत्तर विकत घेऊन घरी आलो.

पूर्व नेपाळात, अरुण नदीच्या खोऱ्यातल्या खांदबारी येथे मी नोकरीनिमित्त तीन हिवाळे काढले. भाड्याच्या घरात चूल होती आणि दारात येऊन पडलेला उत्तिस आणि चिलाउने यांच्या लाकडांचा भारा चुलीच्या मापाचा करणे हे माझे काम होते. मांडीएवढा ओंडका दुभंगण्यासाठी तिथेही कुऱ्हाडच घेतात. मनगटाएवढ्या फांद्या तोडणे, फोडलेल्या लाकडाच्या आणखी बारीक चिरफळ्या करणे आणि शेवटी विस्तव पेटवण्यापुरत्या काड्या काढणे ही कामे खुकरीची, आणि पुढची सगळी तुलना याच कामांपुरती आहे.

सिरुपाते हे नाव सिरू नावाच्या गवताच्या पात्यावरून आले आहे, आणि पाते खरोखरच तसे निमुळते असते. बांबू, कोवळ्या फांद्या आणि झुडपे यांच्यावर ती इतकी चपळ चालते की हात थांबवावासा वाटत नाही. मात्र वाळलेल्या चिलाउनेवर तिचे वजन कमी पडते. घाव बसतो, ढलपी उडते, पण पाते खोल जात नाही, आणि जिथे जड खुकरीचे चार घाव पुरतात तिथे सिरुपातेचे सात-आठ लागतात. हे मी मोजून नव्हे, खांदा किती भरून येई त्यावरून सांगतो आहे.

आंगखोलाचे पाते पाठीला चांगले जाड असते आणि दोन्ही बाजूंना पाठीलगत एक लांबट पन्हळ घडवून वजन थोडे हलके केलेले असते. घरमालकांची खुकरी या घडणीची होती आणि ती मी पुष्कळ वापरली. तिचा घाव पाचरीसारखा बसतो, त्यामुळे लाकूड नुसते कापले न जाता उकलते आणि पाते अडकून बसत नाही. शेजारच्या भोजपूर जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी रुंद पोटाची भोजपुरेही लाकडाला उत्तम, आणि या दोहोंत डावे-उजवे करण्याइतका फरक मला तरी जाणवला नाही.

इतके वाचून कोणीही म्हणेल की मग जाड पात्याची घ्यावी आणि विषय संपवावा. पण माझा निर्णय पात्यावर झालाच नाही, तो मुठीवर झाला.

माझ्या सिरुपातेची मूठ म्हशीच्या शिंगाची होती. काळी, गुळगुळीत, टोकाला पितळी टोपी; दुकानात हातात घेतली तेव्हा तिच्यापुढे बाकी सगळ्या गावंढळ वाटल्या. अशा मुठीत पात्याची शेपटी निमुळती होत आत शिरते आणि लाखेने धरलेली असते. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी घाव घालताना मुठीतून बारीकसा ‘कट्’ असा आवाज आला. चार दिवसांत मूठ पात्याभोवती किंचित फिरू लागली, आणि एकदा ऐन घावाच्या वेळी ती फिरल्याने पाते आडवे होऊन लाकडावरून घसरले आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत रुतले.

लोहाराने एकच प्रश्न विचारला: रात्री ती कुठे ठेवता? शिंगाला ओल लागू नये म्हणून मी ती चुलीवरच्या खुंटीला टांगत असे, म्हणजे लाख मऊ करण्याची व्यवस्था मीच केली होती. त्याने शेपटी तापवून जुनी लाख काढली, मुठीच्या भोकात नवी लाख भरली, शेपटी दाबून बसवली आणि पाव तासात खुकरी परत दिली. त्यानंतर मी ती चुलीपासून लांब ठेवली, तरीही कोरड्या थंडीत शिंग आकसले आणि माघ संपायच्या आत तोच ‘कट्’ पुन्हा ऐकू आला. धार गेली तर दगडावर लावता येते. पण मूठ टिकेल की नाही ही शंका मनात असताना जोर लावून घाव घालता येत नाही, आणि मला तेवढ्याच गोष्टीचा मनस्वी कंटाळा आला.

पानावलमध्ये पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड जाते आणि दोन बाजूंच्या फळ्या रिव्हेट ठोकून बसवलेल्या असतात. दुसऱ्या वर्षी मी साध्या, जाड पात्याची, लाकडी पानावल मुठीची खुकरी घडवून घेतली. पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचेच होते आणि धारेला पाणी नेहमीप्रमाणे किटलीच्या तोटीतून दिले होते. वेगळी होती ती फक्त मूठ. तिचे दोषही सांगायला हवेत. मुठीत लोखंड असल्याने तोल मागे सरकतो, घावाचा हादरा थेट तळव्यात येतो आणि डिसेंबरच्या पहाटे ती धरवत नाही इतकी गार असते. घरमालकांचे म्हणणे असे की लाखेची मूठ हादरा गिळते आणि सैल झाली तर लोहार हाकेच्या अंतरावर असतोच. त्यांची लाकडी मूठ कित्येक वर्षे हलली नव्हती, त्यामुळे त्यांना चूक ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. पण खुकरी घेऊन जो परत महाराष्ट्रात येणार आहे, त्याला लाखेचे काम जाणणारा लोहार शोधत फिरावे लागेल, हेही ध्यानात घ्यावे.

नेपाळात दसैंच्या नवमीला हत्यारे पुजतात. आता साताऱ्यात त्याच दिवशी, खंडेनवमीला, दोन्ही खुकऱ्या पाटावर येतात. सिरुपाते एरवी भिंतीवर असते आणि दिसायला तीच देखणी आहे. बंबासाठी लाकडे फोडायची वेळ आली की हात दुसरीकडे जातो.

पानावल घेणार असाल तर मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहा. फळ्यांमधून पोलादाची कड वर आलेली लागली तर ती तिथेच घासून सपाट करून घ्या, नाहीतर पहिल्याच भाऱ्याला तळव्यावर फोड येईल. टोकाचा पितळी पत्राही धारदार नसावा. आणि म्यानातून खुकरी काढताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत आवळून धरू नका; म्यानाचे चामडे झिजले असेल तर धार त्यातून आरपार येते.